भरलेल्या सिलिंडरपेक्षा हलकी

कायक घ्यायची, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडता येत नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण नवरा ऑफिसला निघण्याआधी घरातली सगळी झाकणं सैल करून ठेवायचा. लोणचं, तूप, कॉफी, माझ्या गोळ्यांची बाटली. दुसऱ्यांच्या घरी निघताना "गॅस बंद केलास का?" विचारतात, आमच्याकडे "झाकणं केलीस का?" विचारतात.

"कायक म्हणजे गं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"एका माणसाची होडी."

"बरं. आणि वल्हवणार कोण?"

प्रश्न रास्त होता. तो मीही स्वतःला विचारला होता आणि उत्तर टाळलं होतं.

मला चार वर्षांपूर्वी संधिवात झाला. गुडघे कुरकुरतात तो वयाचा नव्हे, रिपोर्टात 'ऱ्हुमॅटॉइड' असं लिहून येतं तो. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. सोसायटीनं नेमलेल्या वॉचमननं सभासदांनाच गेटवर काठीनं झोडपावं, तसं. यावर आठवड्यातून एकदा एक गोळी असते, जिच्या दुसऱ्या दिवशी मी माणसात नसते. शिवाय रोजच्या आणखी काही असतात. या व्यतिरिक्त एरंडेल, निर्गुडीचा शेक, मेथीचे लाडू आणि वांगं बंद, हे चार उपाय मला भेटलेल्या प्रत्येक माणसानं सुचवलेले आहेत. एकदा तर रिक्षावाल्यानं सुट्टे पैसे परत देता देता वांग्याबद्दल सांगितलं.

या आजारात दुखण्यापेक्षा दमणं वाईट. पुण्यातल्या माणसाला ते चटकन समजेल असं सांगते. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी तासभर येतं. टाकी भरली तर भरली. मग त्यात भांडी करा, कपडे धुवा नाहीतर फरशी पुसा, पण तिन्ही म्हणाल तर जमणार नाही. आणि दुपारी तीनला कोणी पाहुणा येऊन आंघोळ करतो म्हणाला, तर नळातून फक्त सूं असा आवाज येतो. माझ्या ताकदीचं तसं आहे. टँकर मागवता येत नाही, एवढाच फरक.

तर अशा बाईला कायक कुठून सुचली? वेंगुर्ल्यात. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी नावाच्या बचत गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवनाची सफर घडवतात. होडी त्यांची, वल्हीही त्यांच्याच हातात. माझ्या पुढ्यात बसलेली बाई साधारण माझ्याच वयाची. साडीवर लाइफ जॅकेट घालून ती आम्हा सगळ्यांना, आमच्या पिशव्यांना आणि एका रडक्या मुलाला आरामात ओढत होती. सगळे तिवराच्या मुळांकडे आणि खंड्याकडे बघत होते. मी तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं आवळलेली नव्हती. वल्हं नुसतं हातात अडकवलेलं होतं आणि ओढत होती ती पाठ. मला वाटलं, पाठ तर माझीही बरी आहे. बिघडलीत ती बोटं.

पुण्यात आल्यावर फिजिओथेरपिस्टला विचारलं. ही माझ्या मुलीच्या वयाची मुलगी मला काकू म्हणते आणि जल्लादासारखी वागवते. तिच्याकडे मूठ दाबून ताकद मोजायचं एक यंत्र आहे. सुरुवातीला माझ्या उजव्या मुठीनं 6 किलो दाखवलं होतं, आता 14. ती म्हणाली, "काकू, बसून करायचा व्यायाम, गुडघ्यावर भार नाही, धक्के नाहीत. उत्तम आहे. फक्त मूठ आवळायची नाही, मनगट वाकवायचं नाही आणि खांद्यानं ओढायचं नाही."

"मग वल्हवायचं कशानं?"

"पोटानं."

डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. म्हणाले, घाण पाण्यात नको, कारण गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते. कडक उन्हात नको, गारठ्यात नको, दमेपर्यंत नको. बाकी खुशाल करा. पुणे परिसरात घाण नसलेलं, उन्हाचं नसलेलं, गार नसलेलं पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर फक्त घरातली बादली येते. पण परवानगी ती परवानगी.

मुळशीच्या बॅकवॉटरला भाड्याच्या कायकमध्ये दहा मिनिटं बसून पाहिलं आणि या प्रकरणातली खरी मेख कळली. पाण्यावर मला काहीच झालं नाही. पाण्याला माझा गुडघा कुठला, घोटा कुठला याच्याशी देणंघेणं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्याही मदतीशिवाय पन्नास मीटर गेले आणि वाटेत "आता कसं वाटतंय?" असं विचारणारं कोणी नव्हतं. एक पाणकावळा होता, त्यानं तर पाठच फिरवली. अडचण सुरू झाली ती काठावर परत आल्यावर. बसताना गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूनं असतं. उठताना ते पक्ष बदलतं. पाण्यापासून वीतभर उंचीवर, पाय लांब सोडून बसलेल्या संधिवाताच्या माणसानं उभं राहायचं म्हणजे पंगतीतून उठायचं, आणि तेही पाट हलत असताना. शेवटी मी दळणाच्या गोणीसारखी एका अंगावर घरंगळले आणि गुडघाभर पाण्यात गुडघ्यांवर उतरले. भाड्याच्या कायकवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, असं पण चालतं."

तेव्हा मला कळलं की कायक पाण्यासाठी निवडायचीच नसते. ती जमिनीसाठी निवडायची असते. घरातून खाली कशी आणणार, गाडीवर कशी चढवणार, गाडीपासून पाण्यापर्यंत कशी नेणार आणि तिच्यातून बाहेर कशी येणार, हे चार प्रश्न. पाण्यावरचं बाकी सगळं तपशिलात जमा.

दुकानदारांना मात्र फक्त पाणी दिसतं. मी गेले तिथला विक्रेता दंडावर वाघ गोंदवलेला, पंचविशीचा. मला बघून तो आधी माझ्यामागे कोणी तरुण येतंय का ते पाहू लागला. कोणी येत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मॅम, ही घ्या. दहा फुटी. एका हातानं उचलते." आणि त्यानं ती खरंच एका हातानं उचलली, खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं फोन घेतला.

"वजन किती?"

"फक्त 23 किलो."

'फक्त' या शब्दाचा अर्थ मी आजारात नव्यानं शिकले आहे. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि लोखंड साधारण तेवढंच. म्हणजे ही कायक रिकाम्या सिलिंडरपेक्षा जड आणि भरलेल्यापेक्षा हलकी. फक्त. रिकामा सिलिंडर मी पायानं ढकलत ढकलत दारापर्यंत नेते आणि त्यानंतर पंधरा मिनिटं बसते. मी त्याला विचारलं, ही गाडीच्या टपावर चढवायची कशी? तो म्हणाला, "सरांना सांगा ना."

सरांची डिस्क सरकली आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

मग त्यानं मला प्रकार समजावले. एक आत बसायची कायक. हिला वरून एक भोक असतं आणि आपण त्यात कमरेपर्यंत शिरायचं असतं. शिरायचं ते ठीक. उलटी झाली तर त्यातून पाण्याखाली निसटायचंही असतं. ज्या बाईला कुर्ता डोक्यातून काढताना मदत लागते तिनं हा प्रकार बघून नमस्कार करावा आणि पुढे जावं. दुसरी वर बसायची. ही उघडी, पसरट आणि मोकळी. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, झोपाळ्यावर बसतात तसं बसलं की उथळ पाण्यात सरळ उभं राहता येतं. माझ्यासारखीला हीच. फक्त हिच्या तळाला आरपार भोकं असतात. लाटेचं पाणी वर आलं की ते आपोआप खाली निघून जावं म्हणून. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "भोकं असलेली होडी," त्या म्हणाल्या, "आणि पैसे देऊन?"

रुंदीचाही एक घोळ असतो. रुंद, सपाट बुडाची कायक बसल्याबरोबर घट्ट वाटते, अगदी पलंगासारखी. पण एका मर्यादेपलीकडे कलली की काही न सांगता पालथी होते. अरुंद, गोल बुडाची पहिल्या मिनिटापासून डुगडुगते, घाबरवते, पण कलल्यावर मात्र धरून ठेवते. आमच्याकडे नातेवाईक दोन्ही प्रकारचे आहेत, त्यामुळे मला हे लगेच समजलं. आजारपणात दुसऱ्या प्रकारचेच उपयोगी पडले, हेही खरं. तरीही मी रुंद घेतली. माझं पाणी म्हणजे धरणाचा काठ, तिथे लाटा उठतात त्या फक्त पोहणाऱ्या म्हशींमुळे.

"मॅम, तुमचं वेट किती?" त्यानं विचारलं. प्रत्येक कायकवर किती किलोपर्यंत भार चालेल ते लिहिलेलं असतं, आणि त्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांशच भार घालावा, नाहीतर ती खोल बसते आणि वल्हवायला जड जाते. त्याचा प्रश्न साधा होता, पण माझी वजनं दोन आहेत. एक स्टेरॉइड चालू असतानाचं, एक बंद असतानाचं. दोन्हींत नऊ किलोंचा फरक आहे आणि चेहऱ्यातही, इतका की आधार कार्डावरचा फोटो मधूनमधून माझा असतो. ग्रीनलंडचे इन्युइट लोक कायक बनवायचे ती शिकाऱ्याच्या स्वतःच्या मापानं. पसरलेल्या दोन्ही हातांच्या साधारण तिप्पट लांबी, कमरेच्या रुंदीत दोन मुठी मिळवून रुंदी, वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं शिवून बसवलेलं. थोडक्यात ब्लाउज शिवायला टाकतो तसं. वाचून मी हरखले, आणि मग विचारात पडले की त्यांच्यात कोणी बाई स्टेरॉइडवर असती तर तिनं माप कुठल्या महिन्यात दिलं असतं? माझी शिंपीण निदान आत दोन इंच माया सोडते.

वल्ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मी हिशेब खात्यात आहे, त्यामुळे आकडे दिसले की मला राहवत नाही. साधं ॲल्युमिनियमच्या दांड्याचं वल्हं साधारण 1100 ग्रॅम. कार्बन फायबरचं 700. विक्रेता म्हणाला, "400 ग्रॅमनी काय होतं?" मी कॅल्क्युलेटर काढला. मिनिटाला तीस वेळा वल्हं मारलं तर तासाला 1800 वेळा. 1800 गुणिले 400 ग्रॅम म्हणजे 720 किलो. म्हणजे हलकं वल्हं घेतलं तर मी तासाला एक धष्टपुष्ट म्हैस आणि तिचं रेडकू कमी उचलीन. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग मला कार्बनच्या वल्ह्याची किंमत सांगितली आणि मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. नोकरी लागल्यावर घेतलेली माझी पहिली स्कूटर त्याहून स्वस्त होती.

शेवटी कायकवर पैसे वाचवले आणि वल्ह्यावर घातले. मला कोणी विचारलं तर मी हेच सांगीन. कायक पाणी उचलतं, वल्हं आपल्याला उचलावं लागतं. शिवाय वल्ह्याची दोन्ही पाती एकमेकांना काटकोनाकडे तिरकी लावायची पद्धत असते, म्हणजे हवेतलं पातं वाऱ्याला अडत नाही. पण त्यासाठी दर फटक्याला मनगट फिरवावं लागतं. माझ्या मनगटाला ते परवडत नाही, म्हणून मी दोन्ही पाती एका रेषेत लावते. वारा थोडा अडतो. अडू दे.

लाइफ जॅकेटचं सांगायलाच नको. जीव वाचवण्याची त्याची क्षमता माझ्या बाबतीत त्याच्या बकलांवर अवलंबून आहे. ती तीन बकलं लावता लावता माझी अर्धी टाकी रिकामी होते. फिजिओथेरपिस्ट मुलीनं चेनला नाडीची एक मोठी गाठ बांधून दिली आणि बकलं नवरा लावतो. लावताना त्याच्या चेहऱ्यावर मुलीला शाळेत पाठवतानाचा जुना भाव असतो.

घरात मात्र कडक कायकचा प्रस्ताव लिफ्टनंच फेटाळला. आमच्या लिफ्टवर '4 व्यक्ती, 272 किलो' अशी पाटी आहे. वजनाचा प्रश्न नव्हता. लिफ्टची आतली उंची सात फूट आणि कायक दहा फूट. जिन्यानं न्यावी तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकणार, हे सोफा आणताना आम्ही शिकलो होतो. पार्किंगमध्ये ठेवू का, असं विचारायला सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी चष्मा लावून नियमावली काढली. "दुचाकी आणि चारचाकी यांचा उल्लेख आहे," ते म्हणाले. "हिला चाकं किती?"

"एकही नाही."

"मग वाहन म्हणता येणार नाही. सामान म्हणावं लागेल. आणि पार्किंगमध्ये सामान ठेवायला मनाई आहे." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "पण असू द्या हो एखादी. मागच्या जुलैत गेटजवळ पाणी केवढं साचलं होतं!"

म्हणून हवा भरायची कायक आली. वजन 12 किलो, म्हणजे दहा किलो तांदूळ आणि वर दोन किलो साखर. पाठीवरच्या पिशवीत बसते, पलंगाखाली मावते आणि पिशवीला चाकं आहेत, त्यामुळे सेक्रेटरींचाही प्रश्न मिटला. गाडीपासून काठापर्यंत मीच ओढत नेते. पंप हाताचा मिळाला होता. तो एकदाच मारून पाहिला, दिवाणखान्यात, आणि निम्मी फुगेपर्यंत माझा रविवार संपला. मग गाडीच्या लायटरच्या सॉकेटवर चालणारा पंप घेतला. तो दहा मिनिटांत काम करतो आणि त्या दहा मिनिटांत अख्ख्या मुळशी खोऱ्याला कळतं की मी आले आहे.

घडीच्या, फुगवायच्या कायकवर नाकं मुरडणारे पुष्कळ भेटले. "खरी कायक कडक," म्हणतात. त्यांना मी ऑस्कर स्पेकचं नाव सांगते. हा जर्मन माणूस 1932 मध्ये घडीची कायक घेऊन उल्म गावाहून डॅन्यूबमधून निघाला. बेकार होता, सायप्रसच्या खाणीत काम बघायला निघाला होता. वाटेत मन बदललं आणि तो वल्हवतच राहिला. इराणचा किनारा, मग आपला पश्चिम किनारा, सिलोन, ब्रह्मदेश असं करत सात वर्षांनी, सुमारे 50 हजार किलोमीटर कापून तो ऑस्ट्रेलियाला पोहोचला. पोहोचला तो सप्टेंबर 1939 मध्ये, आणि जर्मन म्हणून तिथे त्याला सरळ आत टाकलं. मधल्या काळात मलेरियानं त्याला बेजार केलं होतं. म्हणजे आपल्या कोकणासमोरून गेलेला सगळ्यात मोठा कायकवाला हा तापानं खंगलेला माणूस होता आणि त्याची होडी रबर लावलेल्या कापडाची होती. माझ्या रोजच्या गोळ्यांपैकी एक, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मूळची मलेरियाचीच. 2020 मध्ये अख्खं जग तिच्यामागे लागलं तेव्हा आम्हा संधिवातवाल्यांना ती मिळेना. त्यामुळे स्पेकशी माझं औषधाच्या दुकानातून का होईना, नातं लागतं. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "नोकरी शोधायला गेला होता ना? घरी एक पत्र तरी टाकलं का त्यानं?"

एक पेच मात्र अजून सुटलेला नाही. धरणाचं पाणी सगळ्यात शांत असतं ते सकाळी सहा ते आठ. दहानंतर वारा सुटतो, दुपारी पाणी खवळतं आणि ऊन चढतं. आणि माझे सांधे हे सरकारी कचेरीसारखे आहेत. सकाळी अकराच्या आत उघडत नाहीत, आधी गेलं तर शिपाईसुद्धा भेटत नाही. त्यामुळे आम्ही संध्याकाळी, वारा पडल्यावर जातो. साडेपाच ते सहा, एवढीच माझी आणि पाण्याची भेटीची वेळ. आणखी एक गोष्ट अनुभवानं शिकले. दम लागल्यावर वळायचं नाही. अगदी मजेत वाटू लागलं, की आणखी थोडं जाऊ असं मनात आलं, की त्याच क्षणी वळायचं. जेवढं गेलो तेवढं परत यायचं असतं आणि वारा कुठल्या बाजूनं असेल ते धरण ठरवतं. आयुष्यभर काटकसर केलेल्या बाईला हे अवघड जाऊ नये, पण जातं.

पहिल्यांदा स्वतःच्या कायकमधून गेले ती 17 मिनिटं. पुण्यातून तिथे जायला दीड तास, फुगवायला दहा मिनिटं, बकलांना चार, परत यायला दोन तास आणि दुसरा पूर्ण दिवस अंथरुणात. हिशेब खात्यातली बाई म्हणून मला हा व्यवहार आतबट्ट्याचा दिसतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, 22 मिनिटं. उतरताना झोपाळ्यावरून उतरतात तशी उतरले, एकाच गुडघ्यावर पाणी लागलं.

फुगवायच्या कायकचा एकच खरा जाच आहे. ओली घडी घातली की आठवड्यात बुरशीचा वास येतो. म्हणून दर वेळी ती गच्चीवर पूर्ण वाळवावी लागते आणि उन्हाळ्यात आमच्या गच्चीला मागणी फार. मागच्या रविवारी एका बाजूला माझी पिवळी कायक आणि दुसऱ्या बाजूला सेक्रेटरींच्या मिसेसचे सांडगे होते. थोडं पाणी तिकडे ओघळलं आणि थोडं बोलणं झालं. आता तोडगा निघाला आहे. पूर्वेची अर्धी गच्ची त्यांची, पश्चिमेची माझी. येत्या रविवारी त्यांच्या कुरडया आहेत, त्यामुळे मी शनिवारीच जाणार.